मामांच्या कपाटातले नाणेसंच : कशाला किंमत आणि कशाला नाही?

भाचेबुवा

मंडळी, नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगतो. मामा मागच्या वर्षी गेले. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, आणि ज्या बंदरात उतरतील तिथून नाण्यांची एखादी पेटी घेऊन यायचे. सुटी नाणी कधीच नाहीत, संचच. एकूण ४१ निघाले. बहुतेक अमेरिकन आणि ब्रिटिश, चार-पाच युरोचे, आणि काही अशी मखमली खोकी की ज्यांतल्या नाण्यांवर देशाचं नावच नाही. सोबत मामांची एक वही आहे, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरातली. ती अजून वाचलेली नाही.

चार दिवस नेटवर भाव बघतोय आणि डोकं चक्रावलंय. १९३६ चा अमेरिकन प्रूफ संच (जमवणाऱ्यांसाठी खास पाडलेली चकचकीत नाणी म्हणे) हजारो डॉलरला जातो. १९५७ चा, त्याच टांकसाळीचा, त्याच पाच मूल्यांचा, आतल्या चांदीच्या भावाच्या आसपास घुटमळतो. आणि १९९९ चा चांदीचा संच १९५७ पेक्षा महाग! जुनं तेवढं महाग म्हणावं तर १९९९ आडवा येतो. चांदीमुळे म्हणावं तर १९३६ आणि १९५७ मध्ये चांदी सारखीच. मग किंमत येते कुठून?

ता.क. एका संचातली नाणी काळवंडली होती. मऊ कापडाने पुसून लख्ख केली आहेत. बाकीच्यांचंही तेच करू का?

खुर्दा

ता.क. वाचून हातातला फोन पडला. साहेब, ते कापड आधी लांब ठेवा. प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते. डोळ्यांच्या चष्म्याचं कापड का असेना, त्यावर फिरलं की केसासारखे ओरखडे उठतात. आत्ता तुम्हाला दिसणार नाहीत. विकायला गेलात की दिव्याखाली नाणं तिरकं धरतील आणि पहिल्या तीन सेकंदांत दिसतील. कुठलं वर्ष पुसलंत?

भाचेबुवा

१९६४, अमेरिकन.

खुर्दा

मग सुटलात. १९६४ चे ३९,५०,७६२ संच विकले गेले होते. त्यातला एक कमी झाला म्हणून कुणी सुतक पाळणार नाही. पण यापुढे पुसायचं नाव नको.

ढब्बू पैसा

सुतक नाही पण दोन मिनिटं शांतता तरी पाळा हो.

टांकसाळीचा उंदीर

भाचेबुवा, तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण तुम्ही नेमके असे तीन संच निवडलेत की एकेक उत्तर आपोआप बाद होत जातं. जरा सविस्तर लिहितो.

१९३६ मध्ये अमेरिकन टांकसाळीने वीस वर्षांच्या खंडानंतर प्रूफ नाणी पुन्हा सुरू केली, पण संच म्हणून नाही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला पत्र टाका, कुठलं नाणं हवं ते सांगा, तेवढ्याचे पैसे भरा. लोकांनी काय केलं? स्वस्तातली नाणी जास्त घेतली. सेंट ५,५६९ गेले, निकेल (५ सेंट) ५,७६९, डाइम (१० सेंट) ४,१३०, हाफ डॉलर (५० सेंट) ३,९०१ आणि क्वार्टर (२५ सेंट) ३,८३७. आता विचार करा, १९३६ चे पूर्ण संच जगात जास्तीत जास्त किती होऊ शकतात? ३,८३७. क्वार्टर संपलं की संच संपला, मग सेंट कितीही उरोत. संचाचा आकडा नेहमी त्याच्यातलं सगळ्यात कमी नाणं ठरवतं.

आणि हा कागदावरचा आकडा. त्यातले काही खर्च झाले, काही हरवले, काही पुसले गेले (कुणाकडे बोट दाखवत नाही). गंमत म्हणजे त्या वर्षी सुरुवातीला पाडलेले सेंट आणि निकेल पुरेसे चकचकीत नव्हते, साटिनसारखे मंद होते. ग्राहकांनी तक्रारी केल्या, मग टांकसाळीने पद्धत बदलली. त्यामुळे १९३६ च्या सेंट आणि निकेलचे दोन-दोन प्रकार आहेत, आणि ज्याला सगळे प्रकार हवेत तो जास्त मोजतो. तेव्हाच्या लोकांना जे नाणं नको होतं त्यासाठी आता भांडणं.

१९५७ चा हिशोब वेगळा. १९५० पासून नाणी संच म्हणूनच विकायला लागले. त्या वर्षी ५१,३८६ संच गेले. १९५६ मध्ये ६,६९,३८४. १९५७ मध्ये १२,४७,९५२. सात वर्षांत चोवीस पट! कारण उघड आहे, आधीच्या संचांचे भाव चढलेले दिसले आणि ज्याला त्याला वाटलं की आपणही एक ठेवून देऊ. सगळ्यांनी ठेवून दिलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? ती तर जपूनच ठेवलेली असते.

सोनसाखळी

शेवटी धातूच महत्त्वाचा. बाकी सगळी हौस. मी तर संच घेताना फक्त वजन बघतो.

टांकसाळीचा उंदीर

धातू म्हणजे जमीन, छप्पर नव्हे. १९५७ च्या संचात हाफ, क्वार्टर आणि डाइम मिळून साधारण ०.६१ औंस शुद्ध चांदी आहे. त्याखाली भाव जाणार नाही, कारण कुणीतरी वितळवायला घेईल. पण त्याच ०.६१ औंसावर १९३६ चा संच कुठल्या कुठे गेला, तो काही वजनामुळे नाही.

हां, धातूचा एक उलटा परिणाम मात्र आहे आणि तो लोक विसरतात. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली. तेव्हा चांदीची साधी नाणी आणि साधे संच पोत्यांनी भट्टीत गेले. किती पाडले याची नोंद टांकसाळीकडे असते, किती वितळले याची कुणाकडेच नाही. म्हणून जाहिरातीत 'एवढेच संच काढले' असं वाचलं की मी आधी विचारतो, काढले ठीक, उरले किती?

अवंती_ज

आणि उरले ते कशात उरले, हाही प्रश्न आहे. भाचेबुवा, जुन्या संचांतली नाणी लवचिक, थोड्या चिकट वाटणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत आहेत का? मामांनी नंतर स्वतः घातलेली असतील अशी?

भाचेबुवा

हो, ब्रिटिश संचांपैकी दोन अशा पाकिटांत आहेत. एकावर हिरवट तेलकट थर दिसतोय. बुरशी आहे का?

अवंती_ज

बुरशी नाही, पीव्हीसी, म्हणजे त्या पाकिटाचं प्लास्टिक. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं, आणि पीव्हीसी स्वतः विघटित होताना आम्ल सोडतं. तांब्याशी त्याची गाठ पडली की हिरवा थर. आधी चिकट असतो, तेव्हा शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढता येतो. नुसतं बुडवायचं, चोळायचं नाही, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब. नखांचा रंग काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल घातलेलं असतं. थर धातूत उतरला असेल तर तिथे खड्डा पडलेला असतो आणि मग काहीच इलाज नाही. आजच ती पाकिटं बदला. मायलारची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं किंवा कडक कॅप्सूल घ्या.

काळवंडणं मात्र वेगळं. चांदीवर गंधकाचा थर चढतो. पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बममध्ये तो कधीकधी कडेपासून आत निळा, जांभळा, सोनेरी असा उतरतो आणि अशा रंगांसाठी लोक जास्त पैसे देतात. तुम्ही पुसलेला १९६४ काय रंगाचा होता?

भाचेबुवा

…कडेला निळा, आत सोनेरी.

ढब्बू पैसा

आता मात्र दोन मिनिटं शांतता पाळाच.

निवृत्त कारकून

माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे, रागावू नका. संच म्हणजे नुसती नाणी नव्हेत. पेटी, कागद, टांकसाळीचा लिफाफा, जे जे मूळचं ते सगळं मिळून संच. १९३७ चा ब्रिटिश संच घ्या. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा, १५ नाणी, मोठ्या क्राउनपासून पाव पेनीच्या फार्दिंगपर्यंत, त्यात इंग्लिश आणि स्कॉटिश असे दोन वेगळे शिलिंग आणि मॉन्डीची चार चिमुकली नाणी. एकूण २६,४०२ संच. ही पंधरा नाणी वेगवेगळी गोळा करून नव्या पेटीत बसवली तर तो संच होतो का? माझ्या लेखी नाही. मूळ पेटीतल्या नाण्यांवर एकसारखी छटा आलेली असते, कारण ती एकाच मखमलीवर, एकाच हवेत ऐंशी-पंचाऐंशी वर्षं झोपलेली असतात. जोडलेल्या संचात एक नाणं पांढरंफटक, एक तपकिरी. लगेच कळतं.

मॉन्डी नाण्यांबद्दल जाता जाता सांगतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इंग्लंडचा राजा किंवा राणी ही नाणी दान करते. १, २, ३ आणि ४ पेन्स, चांदीची. राजाचं वय जितकं तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया दान घेतात, आणि नाण्यांची रक्कमही वयाइतकेच पेन्स. म्हणजे राज्य जितकं लांबतं तितकी नाणी जास्त लागतात. वाढदिवसाबरोबर नाण्यांची संख्या वाढवणारी दुसरी टांकसाळ माझ्या ऐकिवात नाही.

खुर्दा

कारकूनसाहेब, आदर आहे, पण पेटीवर प्रेम करणाऱ्यांमुळेच आमच्यासारख्यांचं फावतं. मी संच फोडतो. बिनदिक्कत फोडतो. कारण दहापैकी नऊ संचांत एकच नाणं किंमत बाळगून असतं, बाकीची त्याच्या पालखीचे भोई.

उदाहरण देतो. १९९५ मध्ये अमेरिकन टांकसाळीने ईगल नाण्यांच्या (सोन्या-चांदीत गुंतवणूक करणाऱ्यांसाठीच्या नाण्यांच्या) दहाव्या वर्षाचा संच काढला. सोन्याची चार नाणी आणि सोबत चांदीचं एक डॉलरचं नाणं, वेस्ट पॉइंट टांकसाळीच्या 'डब्ल्यू' खुणेचं. किंमत ९९९ डॉलर. लोकांनी सोनं बघून घेतला. जे चांदीवाले होते ते चरफडले, कारण एका चांदीच्या नाण्यासाठी १.८५ औंस सोनं गळ्यात घ्यावं लागत होतं. बहुतेकांनी घेतला नाही. संच गेले ३०,१२५. आणि ते चांदीचं नाणं दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. पुढे चांदीच्या ईगलची वर्षवार मालिका जुळवणाऱ्या प्रत्येकाची गाडी १९९५ डब्ल्यूपाशी येऊन थांबायला लागली, आणि वर फुकट मिळालेलं नाणं सोबतच्या सोन्यापेक्षा महाग झालं. सोनसाखळीभाऊ, वजन बघून घेणाऱ्यांनी तो संच सोन्यासाठी घेतला आणि कमावले चांदीवर.

सोनसाखळी

म्हणजे घेतला ते बरोबरच केलं ना! :)

टांकसाळीचा उंदीर

खुर्दा यांचा मुद्दा पटतो. ज्या संचात असं नाणं आहे जे फक्त त्याच संचात मिळतं, तो संच बघायचा. अशी नाणी वाटतात तेवढी कमी नाहीत. १९७० चा डेन्व्हर टांकसाळीचा हाफ डॉलर चलनात आलाच नाही, फक्त टांकसाळीच्या संचांत होता, सुमारे २१.५ लाख. १९९६ ची डब्ल्यू खुणेची डाइम तशीच. १९९७ च्या बोटॅनिक गार्डन संचात मंद पोताचं निकेल होतं आणि संचांना २५,००० ची मर्यादा. २१ लाख आणि २५ हजार, दोन्ही 'फक्त संचात', पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा 'फक्त संचात' या शब्दांनी भुलायचं नाही, पुढचा आकडा विचारायचा.

आता तुमचा १९९९. त्या वर्षीचे चांदीचे संच ८,०४,५६५, म्हणजे कमी म्हणावेत असे नाहीतच. तरी महाग, कारण अमेरिकेच्या पन्नास राज्यांची क्वार्टर मालिका त्याच वर्षी सुरू झाली. दर वर्षी पाच राज्यं, दहा वर्षं. मालिका रंगत गेली तशी माणसं तिसऱ्या-चौथ्या वर्षी सामील झाली आणि मागे वळून पहिलं वर्ष शोधू लागली. पहिल्या वर्षी घेणारे थोडे, नंतर हवं असणारे फार. भाव भडकला. मग मालिका संपली, हौस ओसरली आणि भाव बराच उतरला. १९३६ ची किंमत पुरवठ्यावर उभी आहे, १९९९ ची मागणीवर. मागणी पाहुण्यासारखी येते आणि जाते.

युरोचंही असंच. भाचेबुवा, तुमचे युरो संच कुठले?

भाचेबुवा

बेल्जियम, फिनलंड, आणि दोन जर्मनीचे.

टांकसाळीचा उंदीर

मग ठेवा आनंदाने, पण स्वप्नं नकोत. युरो आले तेव्हा लोकांनी ठरवलं की प्रत्येक देशाचा एकेक संच जमवायचा. जर्मनीचा कुणालाही मिळतो. पण व्हॅटिकनने २००२ मध्ये संच काढले ६५,००० आणि त्याची नाणी दुकानातल्या सुट्ट्या पैशांत येत नव्हती. अख्ख्या युरोपातले देशवार जमवणारे त्या ६५ हजारांमागे लागले. सगळ्यांच्या वहीत एकच घर रिकामं असलं की त्या घराचा भाव ठरतो. मोनॅकोच्या २००७ च्या ग्रेस केलीच्या दोन युरोच्या नाण्याचं तेच. ते सुटं नाणं आहे, संच नव्हे, पण पाडली २०,००१, आणि दोन युरोची स्मारक नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं.

भाचेबुवा

आणि ती देशाचं नाव नसलेली मखमली खोकी? तीच सगळ्यात देखणी आहेत. प्रत्येकात क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, 'मर्यादित आवृत्ती' लिहिलेलं.

खुर्दा

ती नाणी नव्हेतच, पदकं आहेत. त्यांच्यावर मूल्य आहे का? नसणार. १९७० च्या दशकात खासगी टांकसाळींनी असे संच वर्गणीवर विकले. मर्यादित म्हणजे काय, तर जेवढ्यांनी अमुक तारखेपर्यंत पैसे भरले तेवढे. मर्यादा गिऱ्हाइकाने घातली, टांकसाळीने नाही. चांदीची असतील तर चांदीच्या भावाने जातील. खोकं देखणं म्हणाल तर त्यात चष्मे ठेवा.

माझं सरळ गणित आहे. जेवढं खोकं जड तेवढं नाणं हलकं.

निवृत्त कारकून

हे मात्र अन्यायाचं झालं! सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाचा संच विसरलात का? १८३४ मध्ये अमेरिकेने पूर्वेकडच्या राजांना भेट द्यायला नाण्यांचे संच तयार केले. एडमंड रॉबर्ट्स नावाचा दूत ते घेऊन निघाला, आणि सयामचा राजा तिसरा राम याला १८३६ मध्ये एक संच मिळाला. पिवळ्या चामड्याची पेटी, आत निळी मखमल. १९६२ मध्ये तो इंग्लंडमध्ये उजेडात आला आणि २००५ मध्ये ८५ लाख डॉलरला गेला. पेटीमुळेच ओळख पटली की नाही?

टांकसाळीचा उंदीर

पटली, पण ८५ लाखांतला मोठा वाटा त्यातल्या १८०४ च्या डॉलरचा. तो डॉलर १८०४ मध्ये पाडलेलाच नव्हता बरं का. १८३४ मध्ये संच पूर्ण दिसावा म्हणून मुद्दाम १८०४ सालचा ठसा करून पाडला. त्या प्रकारचे आठच ठाऊक आहेत. म्हणजे अमेरिकन नाण्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाणं जन्मलं तेच संचातली जागा भरायला. दोघंही बरोबर.

पण नंतर पाडलेलं प्रत्येक नाणं असं भाग्यवान नसतं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या जुन्या नाण्यांची मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा पाडलेली प्रूफ नाणी आहेत. तीही जमवतात, पण त्याच साली पाडलेल्या मूळ नाण्याइतका मान त्यांना मिळत नाही. संचात मूळ कोणतं, पुनर्टंकित कोणतं, हे कळल्याशिवाय भाव बोलू नये.

भाचेबुवा

एक विचारू? एकाच वर्षाच्या दोन सारख्या संचांत दहापट फरक दिसतोय. १९५६ चे दोन संच, एकावर 'कॅमिओ' लिहिलंय. ते काय?

टांकसाळीचा उंदीर

हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागली तर पुढे सरका.

कॅमिओ म्हणजे पार्श्वभूमी काळ्या आरशासारखी आणि चेहरा दव पडल्यासारखा पांढरा. हे ठशामुळे होतं. ठसा आम्लात बुडवून खरखरीत करत, मग पार्श्वभूमीचा सपाट भाग घासून आरसा करत. चेहऱ्याच्या खोलगट भागात खरखर तशीच राहते, तीच नाण्यावर पांढरी उमटते. पण ठसा दर ठोक्याला झिजतो. पहिली काही डझन नाणी दवाची, मग दव विरत जातं, आणि पुढची हजारो नाणी सगळीकडून सारखीच चकचकीत. १९७० च्या दशकात ठशांवर क्रोमचा मुलामा द्यायला लागले तेव्हापासून दव टिकायला लागलं. म्हणून १९८० नंतरच्या संचांत कॅमिओ असण्यात काही विशेष नाही, ते असायलाच हवं. १९५० ते १९७० मधल्या संचांत ते असणं म्हणजे तुमच्या वाट्याला ठशाच्या पहिल्या सकाळचं नाणं आलं. टांकसाळीच्या नोंदीत दोन्ही एकच. विकत घेणाऱ्याने तेव्हा निवडून घेतलेलंही नसतं, पोस्टाने जे आलं ते आलं.

म्हणून १९५७ चे साडेबारा लाख संच असले तरी पाचही नाणी गडद कॅमिओ असलेला संच हाताला लागणं वेगळी गोष्ट आहे. तुमचे १९५० च्या दशकातले सगळे संच खिडकीपाशी नेऊन बघा. पाकिटातूनच, बाहेर काढू नका.

अवंती_ज

दर्जाच्या आकड्यांबद्दलही सांगा ना. ७० पैकी ६५ वगैरे. ७० च का, १०० का नाही, हे मला कधी कळलं नव्हतं.

टांकसाळीचा उंदीर

१९४९ मध्ये विल्यम शेल्डनने अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी काढली. कल्पना अशी की झिजून ओळखू न येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली तर सगळ्यात उत्तम नाण्याची ७० पट. म्हणजे तो दर्जा नव्हता, भावच होता! भाव पुढे कुठच्या कुठे गेले, पट्टी तेवढी राहिली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्या आल्या, तेव्हापासून नाणं सीलबंद प्लास्टिकमध्ये आकड्यासकट मिळतं. संचाच्या बाबतीत यातून एक विचित्र गोष्ट झाली. चांगली नाणी सीलबंद व्हायला संचातून बाहेर पडली, आणि मूळ पाकिटात उरलेले संच आता बऱ्याचदा कुणीतरी चाळून टाकलेले असतात.

खुर्दा

हे पाप आमचं. :)

भाचेबुवा, चाळण्यावरून आठवलं. तुमच्याकडे १९७० आणि १९७५ चे अमेरिकन प्रूफ असतील तर डाइमवर 'एस' आहे का बघा, सालाच्या वर. १९६८ पासून प्रूफ सॅन फ्रान्सिस्कोत पाडत, आणि 'एस' हाताने एकेका ठशावर ठोकत. एखाद्या ठशावर राहून जायचा. १९७० चे एसविना डाइम अंदाजे २,२०० निघाले. १९७५ चे संच विकले २८,४५,४५०, आणि त्यांत एसविना डाइम आजवर सापडलेत फक्त दोन. त्यातला एक २०२४ मध्ये पाच लाख डॉलरच्या वर गेला. आणि ब्रिटिश १९८३ चा संच असेल तर दोन पेन्सवर काय लिहिलंय ते वाचा. त्या वर्षी दोन पेन्स चलनासाठी पाडलेच नव्हते, फक्त संचांसाठी. 'टू पेन्स' असायला हवं. काहींवर चुकून जुनाच ठसा बसला आणि 'न्यू पेन्स' राहिलं. ते राहिलं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी चांगला माणूस आहे.

ढब्बू पैसा

व्यनि करू नका.

भाचेबुवा

दोन दिवस भिंग घेऊन बसलो होतो. १९७० वर एस आहे. १९७५ वरही आहे, बायकोने तीनदा बघितला. १९८३ वर स्वच्छ 'टू पेन्स'. १९५६ चा हाफ डॉलर मात्र खिडकीत नेल्यावर चेहरा पांढरा दिसला, बाकीची चार साधीच. हिरवी पाकिटं बदलली.

एक गोष्ट विचारायची राहिली. १९५४ ची अमेरिकन पेटी आहे, छोटी पुठ्ठ्याची, चिकटपट्टीने बंद. कधी उघडलेलीच नाही असं दिसतंय. बंद पेटीला जास्त भाव आहे असं वाचलं. उघडू का?

निवृत्त कारकून

मुळीच नाही! सत्तरेक वर्षांची अस्पर्श पेटी. उघडलीत की ती इतर २,३३,३०० पैकी एक होईल.

खुर्दा

उघडा. १९५० ते १९५५ च्या पेट्यांत पारदर्शक पाकिटं स्टेपलच्या पिनेने टाचलेली असायची. त्या पिना गंजतात. आत गंजाने दोन नाणी खाल्ली असतील तर बंद पेटीचा भाव म्हणजे लॉटरीच्या तिकिटाचा भाव. आणि चिकटपट्टी कुणीही लावू शकतं.

अवंती_ज

उघडण्याआधी मामांची वही वाचा ना. एवढं लिहून ठेवणाऱ्या माणसाने या पेटीबद्दल काहीतरी लिहिलंच असेल.

भाचेबुवा

अवंतीताई, वाचली. जशीच्या तशी नोंद लिहितो.

"५४ ची पेटी. उघडून पाहिली, नाणी उत्तम. हाफ डॉलर काढून भाच्याला वाढदिवसाला दिला, फार खूश झाला. पेटी परत चिकटवली."

तो भाचा म्हणजे मीच. मला एकच मामा होते. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाहीये.

ढब्बू पैसा

संचातलं सगळ्यात दुर्मिळ नाणं म्हणजे हरवलेलं नाणं. किती वर्षांचे होतात?

भाचेबुवा

नोंदीच्या तारखेवरून पाच. आत्ताच आईला फोन केला. म्हणाली, नाणंबिणं काही माहीत नाही, पण तुझ्या लहानपणापासून शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर एका टकल्या माणसाचं चांदीचं मोठं बटण पडलंय. भोकं नाहीत म्हणून कधी वापरलं नाही.